डावीकडची सावली

"घासलेला फॉन्ट म्हणजे?" दादाने विचारलं.

"म्हणजे जुना दिसणारा. रंग उडालेला," चिमी म्हणाली. "बाबा, जरा बाजूला व्हा ना. अक्काआत्याला दिसत नाहीये."

दादा बाजूला झाला नाही. टीव्हीला नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन तो आपल्या वडिलांच्या अक्षरांकडे बघत राहिला. अक्षरं आबांचीच होती, जाड मानेची, ऐटबाज, टोकाला मिशीसारखा पीळ दिलेली. फक्त त्यांच्या अंगावरून जागोजाग रंगाचे पोपडे निघाले होते.

"आबांनी जन्मभर पोपडे निघू नयेत म्हणून जिवाचं रान केलं," तो म्हणाला. "पत्रा घासायचा, अस्तर द्यायचं, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचा. आणि तू बसून पोपडे काढलेस? एकेक?"

"एकेक. त्यालाच जास्त मागणी असते."

"पोपडे म्हणजे काळाची सही," सोफ्यावरून प्रोफेसर म्हणाला.

प्रोफेसर म्हणजे अक्काचा आणि दादाचा धाकटा भाऊ. कलाशाळेत शिकवायचा. आबांच्या हयातीत त्याने त्यांचा एक ब्रश धुतला नव्हता, कारण टर्पेंटाइनच्या वासाने त्याचं डोकं चढायचं. आबा गेले, वास गेला, आणि मग त्याचं पितृप्रेम असं काही उफाळून आलं की जिथे बोलावतील तिथे जाऊन तो आबांच्या अक्षरांवर व्याख्यान ठोकायचा. न बोलावलं तरी जायचा, असं वहिनी म्हणायच्या. वहिनी म्हणजे दादाची बायको; त्यांचं आणि प्रोफेसरचं पहिल्यापासून पटलं नव्हतं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

रविवारची दुपार होती. खाली दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, मशीन झाकलेली, आणि वर, जिथे एके काळी आबांचा कारखाना होता तिथे, एका भिंतीला फ्लेक्सच्या गुंडाळ्या आणि दुसऱ्या भिंतीला सोफा अशा थाटात सगळं कुटुंब बसलं होतं. जमण्याचं कारण साधं होतं. चिमीने नोकरी सोडून, दोन वर्षं खपून, आबांच्या अक्षरांचा फॉन्ट केला होता. फॉन्ट विकणाऱ्या एका कंपनीला तो पसंत पडला होता. अक्षरं दुकानावरच्या पाटीवरून घेतलेली आणि पाटी दादाची, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांची हरकत नाही एवढं उद्या कळवा, असं कंपनीने सांगितलं होतं. चिमीला वाटलं, चहा होईपर्यंत हे आटपेल. पोर हुशार होती, पण आपल्या घराण्याचा अभ्यास तिने केलेला नव्हता. आबांचा चष्मा कुणी ठेवायचा यावरून दोन्ही भाऊ एकमेकांशी सहा महिने बोलत नव्हते. तेव्हाचे सगळे निरोप अक्कानेच पोहोचवले होते, दोन्हीकडचे कडू शब्द गाळून.

अक्काचं ते कामच होतं. गुडघे जाईपर्यंत ती खालच्या काउंटरवर बसली. आधी आबांच्या पाट्यांची कामं घेतली, नंतर दादाच्या फ्लेक्सची. गिऱ्हाईक काय म्हणतंय आणि त्याला खरं काय हवंय यातला फरक तिला बसल्या जागी कळायचा. हल्ली सगळ्यांना जुनं हवं असतं, पण नवं असलेलं. विटांची भिंत हवी, पण चिकटवायच्या कागदाची. दादाने स्वतःच काय केलं होतं? दुकानावर आबांनी रंगवलेली मूळ पाटी असताना त्याच अक्षरांची नवी पाटी प्लास्टिकात कापून घेतली होती. उद्या सकाळी फिटर येऊन जुनी उतरवणार होता आणि एक हॉटेलवाला ती आपल्या भिंतीवर लावायला नेणार होता, जुनेपणा यावा म्हणून. "अक्षरं आता कम्प्युटरमध्ये सुरक्षित आहेत," असं दादा सगळ्यांना सांगत होता. पाटी उतरणार याचा त्याला एवढा आनंद का, हे फक्त अक्काला माहीत होतं.

"बरं, घासलेल्याचं नंतर बघू," चिमी म्हणाली. "आता मुख्य. सावलीचा."

तिने बटण दाबलं आणि पडद्यावर ओळ आली. दुकानावरच्या पाटीवरचीच ओळ, 'सर्व प्रकारच्या पाट्या रंगवून मिळतील'. लाल अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराच्या डाव्या अंगाला काळीभोर सावली, खाली वळताना जाड होणारी आणि पीळ संपता संपता केसाएवढी बारीक. अक्षरं पडद्यातून उचलून घ्यावीत अशी पुढे आली. अक्काने पडद्यावरून नजर काढून दादाकडे पाहिलं.

"छान," दादा म्हणाला. "सावली उजवीकडे घे."

"काय?"

"सावली. डावीकडे आहे, ती उजवीकडे घे. मग माझी काही हरकत नाही."

चिमीने आधी हसून पाहिलं. बाप हसत नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं.

"बाबा, सगळं त्या सावलीवरच तर आहे. जुन्या वळणाचे फॉन्ट त्यांच्याकडे ढिगाने पडलेत. सगळ्यांची सावली उजवीकडे. आपली एकच डावीकडे आहे, आणि अशी वळणारी तर कुणाचीच नाही. ही उलटवली तर ते म्हणाले, आमच्याकडे असले आहेत, नको. मी विचारलंय."

"मग नको तर नको."

"माझी दोन वर्षं गेली यात," चिमी म्हणाली. तिच्या नखांच्या कडांना काळा रंग अजून होता. सावली कशी पडते ते कळावं म्हणून ती हातात ब्रश धरायला शिकली होती, आणि तिने रंगवलेल्या सरावाच्या फळ्या खिडकीखाली ओळीने उभ्या होत्या. अक्काला पोरीची फार दया आली आणि दादाचा राग आला, पण राग गिळायची तिला सवय होती.

प्रोफेसर मात्र उठून उभा राहिला. बसून त्याला नीट बोलता येत नसे.

"दादा, तू काय मागतोयस कळतंय का तुला? डावी सावली हा आबांचा पवित्रा आहे. सगळे रंगारी उजवीकडे जात असताना एक माणूस एकटा डावीकडे वळतो. ही भूमिका आहे. मी माझ्या निबंधात हेच मांडलंय. फॉन्टबरोबर तो निबंध जगभर जाणार आहे."

"आबांनी आयुष्यात कुठली भूमिका घेतली नाही," दादा म्हणाला. "मतदानालासुद्धा जायचे नाहीत. बोटाची शाई पाटीला लागेल म्हणून."

"न जाणं हीसुद्धा भूमिकाच."

"मला काही त्यातलं कळत नाही," वहिनी म्हणाल्या, आणि सगळे सावरून बसले, कारण वहिनींचं बोलणं याच वाक्याने सुरू व्हायचं आणि ते लवकर संपायचं नाही. "पण हे म्हणतायत तर घे ना बाई उजवीकडे. सावलीच तर आहे. या खोलीत रोज सकाळी एकीकडे पडते आणि संध्याकाळी दुसरीकडे, त्यावरून आपण कधी भांडलोय? आणि भाऊजींनी सांगितलं म्हणून काही करायचं झालं तर हे घर केव्हाच विकावं लागलं असतं."

"आई, काका बरोबर बोलतायत."

"तुझे काका नेहमी बरोबरच बोलतात. आम्हाला ते कळायला उशीर होतो, एवढंच."

अशा दोन दोनच्या फळ्या झाल्या आणि अक्का मध्ये. दोन्ही बाजूंनी तिच्याकडे पाहिलं. अक्काने बिस्किटांची बशी पुढे केली.

"काका, तुमच्या निबंधाचं सांगायचंच राहिलं," चिमीने शहाणपणा केला. काकांना आणखी आपल्याकडे ओढावं असा तिचा विचार असणार. "त्यातल्या दोन ओळी ते घेणार आहेत. बाकीचं म्हणे लोक वाचत नाहीत."

"दोन ओळी?"

"पहिली आणि शेवटची."

प्रोफेसर खाली बसला. त्याने चष्मा काढला, पुसला, लावला. हा चष्मा आबांचाच होता.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "दादाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. परंपरेचा व्यापक प्रवाह उजव्या सावलीचाच. अतिरेकी वेगळेपणाचा मोह आबांनाही अखेर जाचला असेल."

"काका!"

"मी फक्त शक्यता मांडतोय."

आता वहिनींची पंचाईत झाली. प्रोफेसर ज्या बाजूला, त्या बाजूला त्या लग्न होऊन आल्यापासून कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, आणि आता या वयात सुरुवात करायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी पदर सारखा केला, खुर्ची नवऱ्यापासून वीतभर सरकवली आणि लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"अहो, पोरीने एवढं खपून केलंय तर असू दे की डावीकडे. काय बिघडतं?"

"आत्ता तूच म्हणालीस, उजवीकडे घे म्हणून."

"तेव्हा मला पूर्ण माहिती नव्हती."

दादाला एरवी असला दलबदल बघून हसू आलं असतं. आज तो हसला नाही. खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. फ्लेक्सच्या धंद्यात त्याने नाव कमावलं होतं, रस्त्यावर सगळे त्याला मालक म्हणायचे, आणि त्याच्या दुकानात एक अलिखित नियम होता. अक्षराला सावली द्यायची नाही. गिऱ्हाइकाने मागितली तर पोरं सांगायची, साहेब, ते आता जुनं झालं, मालक करू देत नाहीत. याच माणसाच्या लेकीने सावलीसाठी नोकरी सोडावी, यालाच काय ते नशीब म्हणतात.

"उगाच सगळ्या जगात चूक कशाला पाठवायची?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

"चूक?" प्रोफेसरने कान टवकारले. "कुणाची चूक?"

"कुणाची म्हणजे? आबांची."

अक्काने हातातली बशी खाली ठेवली. आजवर तिने पुष्कळ ऐकून घेतलं होतं. दादाने पाटीला नावं ठेवली, ती उतरवायला काढली, हॉटेलवाल्याला देऊन टाकली, ती गप्प राहिली. लहानपणी या खोलीत, याच खिडकीखाली, दादाने तिला शपथ घातली होती आणि ती शपथ तिने इतकी पाळली की आबांच्या शेवटच्या आजारातही विषय निघू दिला नाही. पण चूक आबांच्या नावावर घालायची असं काही शपथेत नव्हतं.

"आबांची नाही," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. दादाही वळला. त्याच्या डोळ्यांत तिला तेव्हाचा, शपथ घालणारा, घाबरलेला मुलगा दिसला, आणि तिने खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली.

"मग कुणाची, अक्का?" प्रोफेसरने विचारलं.

"आता मला कुठलं आठवायला," अक्का म्हणाली. "पण दादा, नुसतं तोंडाने उजवी उजवी काय करतोस? पोरीला करून दाखव की. फळी आहे, रंग आहे. एकदा डोळ्यांनी दिसली म्हणजे तिलाही पटेल."

हे तिने मुद्दाम केलं का, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. तेव्हा तिला फक्त विषय बदलायचा होता. निदान ती स्वतःला तसं सांगायची.

दादा नाही म्हणू शकला नाही, कारण प्रोफेसर हसला होता. "करू दे, करू दे," असं तो म्हणाला होता, विद्यार्थ्याला म्हणावं तसं. दादाने तरातरा जाऊन एक फळी उचलली. तिच्यावर चिमीने आबांच्या वळणाचं एक लाल अक्षर काढून ठेवलं होतं, सावली अजून भरायची होती. फळी खुर्चीच्या पाठीला टेकवली, काळ्या रंगाचा डबा उघडला, ब्रश बुडवून डब्याच्या काठावर निथळवला. आबा गेल्यापासून त्याने ब्रशला हात लावला नव्हता. हे बघ, म्हणून त्याने अक्षराच्या उजव्या कडेला ब्रश टेकवला आणि रेघ ओढली. ती लटपटली आणि अक्षरावर चढली.

"हात बसायला वेळ लागतो," प्रोफेसर म्हणाला.

"तू मला हात शिकवू नकोस," दादा म्हणाला. चिडून त्याने चिंधीने रेघ पुसली, पुन्हा ब्रश बुडवला, आणि मान वळवून धाकट्या भावाला फैलावर घेतलं. "सावली म्हणजे काय, ते व्याख्यानं देऊन कळत नाही. अक्षर उभं करायचं असतं. पत्र्यावर वाऱ्यात, उन्हात, शिडीवर एका पायावर. ब्रश मध्ये उचलायचा नाही. श्वास सोडायचा नाही. वळणापाशी दाबायचं, पिळापाशी सोडायचं. तू कधी शिडी चढलायस? तू गच्चीवरसुद्धा जिन्याने जातोस."

तो बोलत होता आणि ब्रश चालला होता. चिंधी अजून उजव्या हातातच होती. ब्रश डाव्या हातात कधी गेला, ते अक्काखेरीज कुणी पाहिलं नाही. एका दमात तो वरून खाली आला, वळणापाशी जाड झाला, पिळाखालून फिरला आणि केसाएवढा बारीक होऊन थांबला. अक्षर फळीवरून उठून पुढे आलं. सावली डावीकडे पडली होती.

चिमीने टीव्हीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, पुन्हा टीव्हीकडे पाहिलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "हे वळण मला दोन वर्षांत एकदाही हाताने जमलं नाही. तुम्हाला हे कुठून येतं?"

"बघा," प्रोफेसर म्हणाला, "शेवटी दादालासुद्धा डावीच बरी वाटते."

"अहो," वहिनी म्हणाल्या. त्या सावलीकडे बघतच नव्हत्या. "डाव्या हाताने?"

दादाने आपल्या हाताकडे पाहिलं. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि तो जिना उतरून गेला.

"वन्स, काय आहे हे?" वहिनींनी विचारलं. "माझा एवढा संसार झाला यांच्याबरोबर. यांना डाव्या हाताने साधा दरवाजा उघडताना मी पाहिलं नाही."

"त्यालाच विचारा," अक्का म्हणाली आणि गुडघ्यांना शिव्या देत जिना उतरू लागली.

दादा दुकानाबाहेर फुटपाथवर उभा होता, पाटीखाली. रस्ता रिकामा होता. समोरचा न्हावी दुकानाच्या पायरीवर बसून डुलक्या काढत होता. अक्का शटरखालून वाकून बाहेर आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"झालं तुझं समाधान?" दादा म्हणाला.

"तू आबांच्या नावावर घातलंस. मला सहन झालं नाही."

"मग सांगून टाकायचंस. मालकाने लहानपणी घाण करून ठेवली म्हणून सांगायचं. भाऊसाहेबांना निबंधाला विषय मिळाला असता."

"कुणाला सांगू नको म्हणून शपथ कुणी घातली होती?"

दोघं वर बघत राहिली. ही पाटी रंगवली तेव्हा दुकान अजून उघडायचं होतं. आबांनी रात्र जागून लाल अक्षरं काढली, सकाळी वाळली, आणि दादाला सावली भरायला बसवून आबा पहिल्या गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेले. समोर असले की ते उजव्या हाताने भरायला लावायचे. ते गेल्यावर दादाने ब्रश डाव्या हातात घेतला, कारण तो हात त्याचा स्वतःचा होता. अक्का डबा धरून बसली होती. तिला आठवतं, एवढं सुंदर काम तिने त्याआधी पाहिलं नव्हतं. दोन्ही पोरं खूश होती. आबा परत आले आणि पाटीसमोर कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. सगळीच्या सगळी सावली उलट्या अंगाला, डाव्या हाताला सोपी पडते तिकडे. पुन्हा रंगवायला रंग नव्हता, उद्घाटन दुसऱ्या दिवशी. पाटी तशीच चढवली. आणि त्या दिवसापासून काम करताना आबा दादाचा डावा हात दोरीने कमरेला बांधू लागले.

"बरं, एक पाटी चुकली," दादा म्हणाला. "ती चुकली तर चुकली. पण मग जन्मभर त्यांनी प्रत्येक पाटी तशीच रंगवली. मुद्दाम. दवाखान्याची, शाळेची, त्या न्हाव्याची. मी शाळेत जायचो तर रस्ताभर माझी चूक टांगलेली. बोलले काही नाहीत. नुसतं दाखवत राहिले. इतका राग कुणी धरतं का गं?"

अक्का त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं एका घरात राहून या माणसाच्या डोक्यात हे चाललंय, याचा तिला पत्ता नव्हता. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि मग स्वतःचाच संताप आला, की निरोप पोहोचवण्यात जन्म गेला आणि नेमका हाच एक निरोप राहिला.

"उद्घाटनाच्या दिवशी तू कुठे होतास?"

"वर. फळ्यांमागे लपलो होतो."

"मी इथे होते. आबांच्या मागे. चौकातला तो दुसरा पेंटर आला होता, चार लोकांना घेऊन. पाटी बघून म्हणाला, पोराने वाट लावली वाटतं? सगळे हसले. आबा म्हणाले, पोराने नाही, मीच केलीय. आमच्याकडे सावली अशीच पडते."

दादाने समोरच्या न्हाव्याच्या पाटीकडे पाहिलं.

"तो म्हणाला, बघतो पुढच्या पाटीवर. आबा म्हणाले, बघ. मग पुढचीही तशी करावी लागली. त्याच्या पुढचीही. तो मेला चांगला म्हातारा होऊन मेला, रे. रोज येऊन बघायचा. आणि तोपर्यंत आबांचा हातच तसा पडून गेला होता."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस का? आणि आबा कधी कुणाला काही सांगायचे? घराला आग लागली असती तर त्यांनी फक्त दार उघडून ठेवलं असतं."

"हात तर बांधला ना माझा," दादा म्हणाला.

"बांधला," अक्का म्हणाली. "ते चुकलंच त्यांचं. मी कुठे नाही म्हणतेय. पण सुरगाठ असायची, दादा. रोज मी बघायचे. टोक तुझ्या बोटांपाशीच सोडलेलं असायचं. नुसतं ओढलं असतंस तरी सुटली असती."

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

न्हावी जागा झाला, त्याने दोघांकडे पाहून हात केला आणि पुन्हा डोळे मिटले. दादाच्या डाव्या अंगठ्यावर काळा रंग लागला होता. तो चिंधीने पुसायला गेला आणि मग राहू दिला. खिशातून फोन काढून त्याने फिटरला लावला. उद्या येऊ नको, म्हणाला. का ते सांगितलं नाही. हॉटेलवाल्याला नवी प्लास्टिकची दे, तीच जास्त जुनी दिसते, असंही म्हणाला.

दोघं वर आली तेव्हा प्रोफेसर खिडकीपाशी बसून भराभर लिहीत होता. खिडकी उघडी होती आणि ती बरोबर पाटीच्या वर होती. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं हे कुणी सांगायची गरज नव्हती. वहिनींचे डोळे लाल झाले होते.

"दादा," प्रोफेसर मान वर न करता म्हणाला, "एक नवीनच मांडणी सुचतेय. अपघात हाच खरा कलावंत. दोन ओळींतसुद्धा बसेल. तुझी हरकत नाही ना?"

"दोन ओळींत बसणार असेल तर नाही," दादा म्हणाला.

प्रोफेसरने यावर उलट उत्तर दिलं नाही. लिहायचं थांबून त्याने भावाच्या हाताकडे पाहिलं, चष्मा काढला आणि उगाचच टेबलावर दादाच्या बाजूला ठेवला. तेवढी माफी त्याच्याकडून पुष्कळ झाली, असं अक्काला वाटलं.

चिमी लॅपटॉपसमोर बसून होती. बापाला विचारायची तिची छाती होत नव्हती. दादा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि पडद्यावरच्या ओळीकडे बघू लागला. या वेळी लांबूनच.

"डावीकडेच राहू दे," तो म्हणाला. "पण त्या तिसऱ्या अक्षरापाशी वळण आखूड झालंय तुझं. उद्या फळीवर दाखवतो."

"बरं," चिमी म्हणाली. तिला हुंदका आला होता आणि तो लपवायला ती उगाच बटणं दाबत राहिली. "आणि बाबा, खाली नाव घालायचं असतं. कुणाचं काम ते. आबांचं घालू ना?"

दादाने अंगठ्यावरच्या काळ्या रंगाकडे पाहिलं.

"अक्षरं आबांची," तो म्हणाला. "सावली माझी. तसं लिही."

चिमीने तसं लिहिलं. वहिनी उठल्या, सगळ्यांसाठी पुन्हा चहा ओतला, आणि नवऱ्यापुढे कप ठेवताना कपाचा कान त्याच्या डाव्या हाताकडे फिरवून ठेवला.